आईच्या डोळ्यांच्या लेसरविषयी

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या लेसरची तारीख मी तुम्हाला न विचारता घेतली, याची टोचणी मनाला लागून राहिली आहे. पण डोळ्यांतल्या पाण्याचा निचरा होतो तो कोन इतका अरुंद झाला आहे की डोळ्यातला दाब एकाएकी चढला, तर माईआजीची ती रात्र पुन्हा आपल्या घरात येईल, आणि ते मला सोसवणार नाही.

आई, लेसरने पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, पांढरे पडेल ही तुझी भीती निराधार नाही, म्हणूनच मी डॉक्टरांना तीनदा विचारले. पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते; त्याच्या आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर त्यातले पाणी सतत उपसत असतो, म्हणून ते नितळ राहते, आणि त्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. आर्गन लेसरच्या उष्णतेनंतर काही वर्षांनी पारपटल सुजल्याचे अनेक रुग्ण जपानमध्ये आढळले. तुझ्यासाठी याग लेसर वापरणार आहेत. पाण्याच्या वाटेसाठी बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडायला त्याला पुष्कळ कमी ऊर्जा पुरते. शिवाय तुझ्या पेशी मोजल्या, तेव्हा एका चौरस मिलिमीटरमध्ये 2,300 च्या आसपास भरल्या, म्हणजे वयाच्या मानाने चांगल्या. त्या फार कमी असत्या, तर मी होकार दिलाच नसता.

त्या दिवशी थोडे खुपेल, धूसर दिसेल. पारपटलावर पांढुरका ठिपका उमटला, तरी तो बहुधा काही दिवसांत विरतो.

लहानपणी माझ्या डोळ्यात कुसळ गेले की तू पदराचा बोळा करून, त्यावर तोंडाची वाफ घेऊन, तो डोळ्यावर धरायचीस. ती ऊब मला अजून आठवते. या वेळी मात्र तो उपाय स्वतःवर करायचा नाही आणि डोळा मुळीच चोळायचा नाही. बाबा, थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर राखा. डोळा ठणकला किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता मला फोन करा. पुढेही कधी उठल्यावर धुके दिसून दुपारपर्यंत निवळू लागले, तर वयावर ढकलू नका. रात्रभर मिटलेल्या डोळ्यातले पाणी उडून जात नाही, त्यामुळे पारपटलाची सूज आधी सकाळीच जाणवते.

मी आदल्या संध्याकाळी येते. चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे. देवापुढचा दिवा आईनेच लावावा, फक्त उदबत्तीचा धूर तेवढा नको.

तुमची,
चिमी