बॉनच्या झारीवाल्या आजींना

आजी,

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि माझी मराठी तुम्हाला कळायची नाही. तरी लिहितेय. घरी येऊन पंधरा दिवस झाले, पण तुमची ती हिरवी झारी काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. जर्मनीतलं बॉन म्हटलं की लोकांना तिथे जन्मलेला संगीतकार बेथोव्हेन आठवतो, मला संस्कृतचा पंडित श्लेगेल. १८१८ पासून तिथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या या माणसाने देवनागरीचे छपाईचे खिळे पॅरिसमध्ये ओतून घेतले आणि १८२३ साली बॉनमध्ये गीता छापली. मूळ आपल्या लिपीत, सोबत लॅटिन भाषांतर. त्याच्या थडग्याशी एकदा उभं राहायचं, एवढंच मनात होतं.

आमच्या टूर मॅनेजरला हे मुंबईतच सांगून ठेवलेलं. तेव्हा "हो हो काकू," आणि तिथे पोचल्यावर, "सहलीला येऊन स्मशान कोण बघतं?" बेथोव्हेनच्या घरापाशी दीड तास मोकळा सोडला, तोही खरेदीला. मी एकटीच निघाले. विचारत विचारत जुन्या दफनभूमीशी पोचले, तर तिथे एक गाईड घोळक्याला संगीतकार शूमानचं थडगं दाखवत होता. श्लेगेल म्हटल्यावर त्याने घड्याळाकडे पाहिलं. पगारी माणूस, काय बोलणार!

तुम्ही नळावर झारी भरत होतात. मी बसच्या तिकिटामागे लिहिलेलं नाव पुढे केलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलंत आणि भरलेली झारी घेऊन तशाच चालू लागलात. वाटेत बेथोव्हेनच्या आईपाशी नुसती मान हलवलीत, रोजच्या शेजारणीला हलवावी तशी. १७१५ साली साध्या रहिवाशांसाठी, वाटसरूंसाठी आणि शिपायांसाठी काढलेली ती जागा. मी त्यातली वाटसरूच.

दगडावरची अक्षरं धुळीने बुजली होती, मला लागेनात. तुम्ही काही न बोलता झारी तिरकी केलीत. पाणी ओघळलं, दगड काळा झाला आणि एकेक अक्षर वर आलं. तुम्ही ते बोटाने पुसत गेलात. मग उरलेलं पाणी माझ्या हाती दिलंत.

आजी, आमच्याकडे गेलेल्यांना पाणी देतात. हे तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्हाला फक्त अक्षरं दिसायला हवी होती. श्लोक म्हणायचं ठरवून आले होते, पण दोन चरणांनंतर आवाजच फुटेना. तुम्ही जरा लांब जाऊन पाठ करून उभ्या राहिलात. मी डोळे पुसून वळले, तर झारी नळाशेजारच्या खुंटीला लटकत होती आणि तुम्ही गेला होतात.

बसला वीस मिनिटं उशीर केला म्हणून बोलणी खाल्ली. मॅनेजर म्हणाला, "काकू, पाऊस नाही, मग बूट कसे भिजले?"

मी खिडकीशी जाऊन बसले.