गाडीचा तळ सावरणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

एस.टी.च्या कार्यशाळेत पत्राकाम करून निवृत्त झालेल्या आपल्याला आभाराची पत्रे फारशी रुचणार नाहीत, याची मला कल्पना आहे. तरीही हे जाहीरपणे लिहितो, कारण आपण मजुरीला हात लावला नाहीत आणि आपण दाखवलेली रीत समुद्राकाठी जुनी गाडी सांभाळणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल.

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचा तळ चालकाच्या पायाखाली इतका सडला होता की मॅट उचलली की खालची जमीन दिसे. एका गॅरेजने वरून फायबर चिकटवून देतो म्हटले होते. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, तळ, दाराखालचे उंबरे आणि टप मिळूनच तिचा सांगाडा होतो, तेव्हा तिथे पत्राच हवा, हे आपण समजावून दिलेत.

त्याहून मोलाची वाटली ती आपली अट: पाणी कुठून येते ते सापडल्याशिवाय कटर चालवायचा नाही. सीटा काढलेल्या गाडीत आपण मांडी घालून बसलात, मला बाहेरून पुढच्या काचेवर पाइपने पाणी सोडायला लावलेत आणि डॅशबोर्डखालून उतरणारी बारीक धार बॅटरीच्या उजेडात बोटाने दाखवलीत. काचेचे रबर कडक होऊन कोपऱ्यात चिरले होते आणि तिथून आलेले पाणी मॅटखालच्या गोणपाटात मुरून पत्र्याला धरून बसले होते. त्यात आपल्याकडचा खारा वारा. मीठ हवेतली ओल ओढून घेते, म्हणून पाऊस नसतानाही गंज थांबत नाही. त्यामुळेच नवे रबर बसल्यावर आपण सगळा तळ गोड्या पाण्याने धुवून मे महिन्याच्या उन्हात वाळवायला लावलात.

कापण्याआधी गाडीची बॅटरी आणि तळाखालची पेट्रोलची नळी काढली, वाळूची बादली जवळ ठेवली आणि सांगाडा वाकू नये म्हणून दाराच्या चौकटीत तात्पुरता आडवा अँगल जोडला. पेचकसाने टोचत जिथे पत्रा टणक लागला, तिथपर्यंतच आपण कापलेत. नव्या २० गेज जाडीच्या पत्र्यावर मूळच्यासारख्या पन्हळी उठवण्यासाठी आपण फणसाच्या ओंडक्यात खाच पाडून त्यावर हातोडी चालवलीत, ते बघायला आमच्या खळ्यात निम्मी वाडी जमली होती. सपाट पत्रा पायाखाली डबडब वाजतो, हे मला तेव्हा कळले. वेल्डिंगही सलग न करता एक टाका इकडे, दुसरा लांब तिकडे असे घेतलेत, म्हणजे पत्रा तापून वेडावाकडा होत नाही. बाकी गंज काळा पाडणारे रसायन, झिंकचा प्रायमर, सांध्यांना सीलर आणि वर रंग हे माझ्याकडून करवून घेतलेत. तळाच्या भोकांची रबरी बुचे मात्र स्वतः बसवलीत.

पावसाळा सरल्यावर मॅट उचलून तळ तपासायचा, ही आपली शेवटची अट मला मान्य आहे. दसऱ्याला काकूंना घेऊन जेवायलाच यावे. पेचकस मी काढून ठेवतो.

आपला,
मिऱ्या गावातला शेजारी