टाकळा समजून भलतंच खुडू नका

संपादक महोदय,
पाऊस सुरू झाला की दरवर्षी रानभाज्यांच्या बातम्या येतात, टाकळ्याचं कौतुक असतंच, पण ओळखायचा कसा हे कुणी धड लिहीत नाही म्हणून हे पत्र. टाकळ्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो, फुलं दोघांचीही पिवळी, त्यामुळे शहरातले लोक हमखास गोंधळतात. टाकळ्याच्या देठाला पानांच्या तीनच जोड्या, पान टोकाला गोल, रात्री मिटतं, शेंग बारीक लांबलचक वाकडी. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पान टोकदार, शेंग चपटी आणि वर तोंड करून. ही शेंगच डेंजर आहे, पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं खेळता खेळता त्याच्या बिया खाऊन दगावलीत, सरळ मेंदू-लिव्हरवर परिणाम होतो.

टाकळा मात्र कोवळाच खुडायचा, जून झाला की कडवट आणि उग्र लागतो. आमच्या कोकणात कांदा, ओलं खोबरं आणि फणसाच्या आठळ्या घालून करतात, गोव्यात यालाच तायकिळो म्हणतात, लसणाची फोडणी दिली की वास पण मारला जातो (काहींना तरी येतोच, त्यांनी भाकरीबरोबर खाऊन बघावा). बिया भाजून कॉफीसारख्या उकळायची पद्धत होती, आणि गजकर्णावर बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावायचे, आयुर्वेदातला चक्रमर्द तो हाच. पण आता नायटा झाला तर आधी डॉक्टरच गाठा.

पुढच्या बातमीत नुसता भाजीच्या डिशचा फोटो नको, दोन्ही झाडांचे पानाशेंगांसकट फोटो शेजारी शेजारी छापा ना प्लीज.

– एक वाचक, चिपळूण