सहलीच्या जाहिरातीत इंधनाचे किलोही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. पुण्याहून थेट बँकॉक, चार रात्री पाच दिवस. दुबईची खरेदी. गोव्याचा शनिवार-रविवार. हॉटेलला किती तारे, व्हिसा धरून की वेगळा, जेवण जैन मिळेल का, सगळे त्यात लिहिलेले असते. माणशी किती इंधन जळणार, तेवढे मात्र नसते. हा आकडा गुपित नाही, कुणालाही कागदावर काढता येतो. आणि तो समोर असल्याशिवाय 'सुट्टीसाठी विमानाने जावे का' हा वाद नुसताच एकमेकांना बोल लावण्यात जातो.

रीत अशी. पुण्याहून उडणाऱ्या विमानांत ए-३२० निओ हे नेहमीचे. ते ताशी साधारण सव्वादोन ते अडीच टन इंधन खाते. पुणे-दिल्ली प्रवासाला धावपट्टीपर्यंतचे रांगणे धरून दोन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे पाच टनांच्या जवळ. आसने १८० ते १८६; त्यातली ८५ टक्के भरली असे धरले तर माणशी सुमारे ३० किलो, लिटरमध्ये ४०च्या जरा आत. एक किलो इंधन जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो, म्हणून कार्बन डायऑक्साइड ३.१६ किलो तयार होतो. दिल्लीला एका बाजूने माणशी ९५ किलो, जाऊन-येऊन १९०. बँकॉक पुण्यापासून सुमारे २,९०० किलोमीटर. तिथे जाऊन-येऊन माणशी सव्वाशे किलो इंधन आणि ४०० किलो कार्बन डायऑक्साइड. मुंबई-लंडन जाऊन-येऊन इकॉनॉमीत माणशी टनाच्या थोडे वर. भारतात दरडोई वर्षभराचे उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये एक प्रवासी जवळजवळ तिघांची जागा अडवतो, त्यामुळे त्याचा आकडाही तिप्पट धरतात.

सामान कमी नेले की भागते, अशी एक समजूत आहे. विमानातल्या जादा वजनाच्या दर तासाला साधारण तीन टक्के इतके इंधन ते वजन वाहण्यातच जळते. म्हणजे बँकॉकच्या चार तासांत १५ किलोच्या बॅगेपायी पावणेदोन-दोन किलो. माणशी ६३ किलोंपुढे ते किरकोळ आहे. बॅग हलकी ठेवावी, पण तिने हिशेब पालटत नाही.

गोव्याचे गणित वेगळे आणि जरा अडचणीचे आहे. तासाभराच्या उड्डाणात निम्म्याच्या आसपास इंधन नुसते वर चढण्यात जाते, त्यामुळे जवळचे उड्डाण किलोमीटरमागे सर्वांत महाग. पुणे-गोवा एका बाजूने माणशी ५० किलो कार्बन डायऑक्साइड धरावा. रस्त्याने ४५० किलोमीटर. बारा-तेराचा अॅव्हरेज देणाऱ्या डिझेल गाडीत सहा जण बसले तर माणशी १६-१७ किलो. भरलेल्या स्लीपर बसमध्ये बारा किलोंच्या आसपास. पण पेट्रोल गाडीत एकटाच माणूस निघाला तर तो ७० किलोंवर जातो, विमानातल्या प्रवाशापेक्षा जास्त. विमान नको म्हणताना हे सांगितले पाहिजे, नाहीतर सल्ला खोटा ठरतो. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या मोपा विमानतळावर उतरून दक्षिण गोव्यात जायचे, तर टॅक्सीचे दीड-दोन तास आणि तिचे इंधन वेगळेच.

'लवकरच हरित इंधन येणार आहे' असे उत्तर हल्ली मिळते, आणि त्यात पुण्याचे नाव अभिमानाने घेतले जाते. घ्यावेच. १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडियाचे पुणे-दिल्ली विमान देशी बनावटीचे शाश्वत इंधन (खनिज तेलाऐवजी उसाचे इथेनॉल, वापरलेले खाद्यतेल अशांपासून केलेले) मिसळून उडाले. पुण्याच्या प्राज कंपनीने इंडियन ऑइलच्या साथीने ते इंधन पुरवले होते. मिश्रण होते एक टक्क्यापर्यंत. पाच टनांत ५० किलो. सरकारचे उद्दिष्टही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के असे आहे. उरलेले ९५ टक्के रॉकेलच्या जातीचेच इंधन राहणार.

हे प्रमाण इतके कमी का, ते ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याला तरी कळायला हवे. इथेनॉलमधून आधी पाणी काढून इथिलीन करतात, इथिलीनचे रेणू जोडून लांब साखळ्या करतात, त्यांना हायड्रोजन देतात आणि शेवटी ऊर्ध्वपातनाने विमानाला चालेल तो भाग वेगळा काढतात. पहिल्याच पायरीला वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग पाणी होऊन निघून जातो. त्यामुळे एक लिटर विमान-इंधनाला कमीत कमी १.७ लिटर इथेनॉल लागते. प्रत्यक्षात जास्तच, कारण सोबत थोडे डिझेल आणि नाफ्थाही निघतो. दिल्लीच्या एका प्रवाशाचे ४० लिटर म्हणजे ६८ लिटर इथेनॉल. साखर अजिबात न करता सगळा रस इथेनॉलला दिला, तर एक टन उसातून सुमारे ७० लिटर मिळते. थोडक्यात, एक प्रवासी, एक बाजू, एक टन ऊस. भरलेल्या विमानाला एका बाजूच्या उड्डाणात चार-पाच एकरांचा फड लागतो. साखर काढून उरलेल्या सी-हेवी मळीवरच भागवायचे ठरवले, तर टनामागे दहाएक लिटर इथेनॉल मिळते, म्हणजे त्याच प्रवाशाला सहा-सात टन उसाची मळी. आणि एक टन ऊस उभा करायला, पावसाचे धरून, अडीच लाख लिटर पाणी लागते असे सर्वसाधारणपणे धरतात. उन्हाळ्यात वाघोली-धायरीच्या सोसायट्यांत येणारे दहा हजार लिटरचे टँकर मोजले तर पंचवीस.

यावर माझे मत असे की, इथेनॉल पेट्रोलमध्ये ओतण्यापेक्षा विमानाला दिलेले बरे. मोटारीला वीज चालते. विमानाला चालणार नाही, कारण बॅटरीत किलोमागे अडीचशे वॉट-तास मावतात आणि विमान-इंधनात बारा हजारांच्या आसपास. पण पेट्रोलमधील २० टक्के मिश्रणावर आसवन्या उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांची कर्जे फिटायची आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यावर रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने एका आदेशाने बंधन आणले होते. पावसावर असा हलणारा पुरवठा धरून विमानसेवेची दहा वर्षांची योजना आखता येत नाही. वापरलेल्या खाद्यतेलाचा मार्ग चांगला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार वारंवार तापवल्याने तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेलेले तेल तळणीत वापरता येत नाही, ते संकलकाला द्यावे लागते. फरसाणवाले आणि उपाहारगृहे ते खरोखर देतात की पुढच्या गाडीवाल्याला विकतात, हे महापालिकेच्या हद्दीत तपासता येईल. मात्र सगळ्या शहराची कढई रिकामी केली तरी विमानतळाची टाकी भरणार नाही. २०२४ मध्ये जगभरच्या विमान-इंधनात सर्व प्रकारच्या शाश्वत इंधनाचा मिळून वाटा ०.३ टक्के होता. हायड्रोजनवर उडणारे विमान २०३५ पर्यंत आणू म्हणणाऱ्या एअरबसनेही तो बेत पुढे ढकलला आहे.

तिकिटासोबत शंभर-दोनशे रुपये भरून 'कार्बन भरपाई' घेण्याबद्दल थोडेच लिहितो. धूर आज होतो, झाड तो पुढच्या वीस-तीस वर्षांत शोषणार असते, आणि तेही जगले तर. आपल्या टेकड्यांवर दर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात. गिरिपुष्प या परदेशी झाडाची सरसकट लागवड झाली तिथे मूळचे गवत आणि स्थानिक झाडोरा मागे हटला. भरपाई विकणाऱ्याला तीनच गोष्टी विचाराव्यात: हे काम पैसे नसते तरी झालेच असते का, झाड मेले तर कोण भरून देणार, आणि हीच भरपाई दुसऱ्या कुणाला विकली आहे का. लेखी उत्तर मिळाले नाही तर पैसे देऊ नयेत.

विमानामागे उमटणारी पांढरी रेघ हा आणखी एक भाग. वरच्या थरात हवा अतिथंड आणि बाष्पाने भरलेली असली तर ती रेघ विरत नाही, पसरून विरळ ढग होते आणि जमिनीची उष्णता अडवते. दिवसा ती थोडे ऊनही परतवते. रात्री नुसतीच पांघरूण घालते. अशा टिकणाऱ्या रेघा थोड्याच उड्डाणांमुळे होतात आणि उंची काही शे मीटरने बदलली तर टळू शकतात. हवामान खात्याचे सिमला ऑफिस आणि पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था दोन्ही याच शहरात आहेत. असा थर कुठे असेल याचा अंदाज वैमानिकांना देण्याचे काम इथे सुरू व्हावे.

आता नैतिक बाजू. २०१८ मध्ये जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनाला फार तर एक टक्का लोक कारणीभूत होते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. एप्रिलच्या उन्हात स्लॅब टाकणारा मजूर किंवा ऊसतोडणी करणारी बाई या ११ टक्क्यांत नाही. उन्हाचा चटका मात्र पहिला तिला बसतो. म्हणून 'सगळ्यांनी विमान सोडा' हे वाक्य मला पटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजीला आणि वर्षातून पाचव्यांदा शनिवार-रविवार साजरा करणाऱ्याला एकाच मापाने मोजणे अन्याय आहे. अमेरिकेतल्या लेकीकडे जाऊन चार-पाच महिने राहून येणाऱ्या आई-वडिलांचे उड्डाण मोठे खरे, पण ते एकदाच होते. तेच इंधन पाच दिवसांच्या सहलीवर घालवणे वेगळे. दूर जायचे तर क्वचित जावे आणि गेलो तर जास्त राहावे, एवढी एक सवय लागली तरी आकडा बराच उतरतो.

करातही ही श्रेणी आणता येईल. सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीला ५ टक्के आणि वरच्या वर्गांना १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे आसन पाहून कर बदलण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. तीच पुढे नेऊन वर्षातले पहिले परतीचे तिकीट जादा करातून मोकळे ठेवावे, नंतरच्या प्रत्येकावर चढता कर लावावा आणि तो पैसा रेल्वेच्या डब्यांसाठीच राखावा. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर कोणत्याच देशाच्या एकूण बेरजेत धरला जात नाही. १९९७ च्या क्योटो करारापासून तो विषय आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे आहे, आणि तिची भरपाई योजनाही २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्क्यांवर जे जाईल तेवढ्यापुरतीच. भारत तीत २०२७ पासून येणार आहे.

फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येते तिथली काही देशांतर्गत उड्डाणे बंद केली. प्रत्यक्षात तीनच मार्ग बंद झाले, पण तिथे आधी वेगवान रेल्वे होती. आपल्याकडे क्रम उलटा करून चालणार नाही. पुणे-नागपूर वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, बारा तास लागतात. ती दिवसाची गाडी आहे, रात्रीची हवी. दिल्लीला दुरंतोने वीस तासांच्या आसपास लागतात आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गानेही कार्बन विमानाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त होत नाही. अडचण तिकिटाची आहे. आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडते आणि दिवाळीच्या तारखा काही मिनिटांत संपतात. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी पुण्याहूनच सुटणारी गाडी धरावी: दिल्लीकडे दुरंतो, झेलम; हावड्याला आझाद हिंद. गोवा एक्सप्रेससारखी गाडी वास्कोहून येते, पुण्याला तिच्यात कोटा थोडा मिळतो आणि त्या प्रतीक्षा यादीतले तिकीट पक्के होण्याची शक्यताही कमी. एका तिकिटावर सहाच नावे बसतात, तेव्हा मोठ्या कुटुंबाने दोन खात्यांवरून एकाच वेळी काढावे.

पुरंदरच्या सात गावांत नवा विमानतळ प्रस्तावित आहे. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास आणि हवाई दलाची, हे खरे. मोठे विमान पूर्ण भाराने तिथून दूर जाऊ शकत नाही. पण मागणीचा आकडा मांडताना त्यातली किती उड्डाणे पाचशे-हजार किलोमीटरच्या आतली आणि सुट्टीची आहेत, हे वेगळे करून लोकांपुढे ठेवावे. भौगोलिक मानांकन मिळालेले अंजीर आणि शिवाय सीताफळ ज्या जमिनीत येते, तिचा मोबदला ठरवण्याआधी हा तक्ता गावकऱ्यांच्या हातात असायला हवा.

आपल्याकडे एकच मागणी आहे. आपल्या पुरवणीतल्या प्रत्येक विमान सहलीच्या जाहिरातीखाली एक ओळ सक्तीची करा: 'पुणे-बँकॉक-पुणे, माणशी सुमारे १२५ किलो इंधन, ४०० किलो कार्बन डायऑक्साइड.' आणि त्याच पानावर, दिवाळीच्या गाड्यांचे आरक्षण कोणत्या तारखेला सकाळी आठ वाजता उघडणार, तेही छापा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त विमान-देखभाल अभियंता, पुणे