तापातली हजेरी

'शंभर टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार' ही आपल्या अंकातील बातमी वाचली. मुलांचे कौतुक आहेच. आक्षेप आहे तो बक्षिसाच्या निकषाला.

गेल्या श्रावणात आमच्या मुलीला शाळेत निघता निघता हुडहुडी भरली. कपाळ चटके बसावे इतके तापलेले, तरी हट्ट एकच, 'आज गेले नाही तर माझं बक्षीस जाईल.' चार दिवस घरी राहून, आजीच्या हातची उकड्या तांदळाची पेज पिऊन ती बरी झाली. बक्षीस अर्थातच गेले!

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो. झडीमुळे खिडक्या लावून घेतलेल्या वर्गात असे एक मूल पुरेसे असते. त्यात कोकणातला पावसाळी ताप नेहमी साधाच असतो असे नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शरीरात शिरतो, आणि आमची मुले शेताच्या बांधावरून, चिखल तुडवतच शाळेत जातात. गोळी देऊन ताप दाबला आणि मूल वर्गात बसवले, तर निदान लांबते.

आजारपणाची रजा या बक्षिसाच्या हिशेबातून वगळावी. औषधाविना २४ तास ताप नसेल तरच मुलाला शाळेत पाठवावे, अशी सूचना शिक्षण विभागाने जूनमध्येच द्यावी.

– एक पालक, राजापूर