आई डावीकडे, समुद्रही डावीकडे

रोब, दक्षिण ऑस्ट्रेलिया
२७ मार्च

प्रिय सुध्या,

तू फोनवर खो खो हसलास ना, तेव्हाच ठरवलं की याला सगळं सविस्तर लिहायचं. तर ऐक. आई साइडकारमध्ये बसून जिलाँगहून इथवर आली. वय ७१, अंतर ६०० किलोमीटरच्या वर, दिवस सहा. कंबर तिची नाही, माझी धरलीय.

गाडी म्हणजे जुनी पाचशेची बुलेट, डाव्या अंगाला साइडकार. इथले जुने लोक अख्ख्या गाडीला ‘आउटफिट’ म्हणतात आणि साइडकारला नुसतं ‘चेअर’. पण बुलेट चालवता येते म्हणून ही चालवता येईल असं समजू नकोस. यवतेश्वरच्या घाटात आपण अंग टाकून वळणं घ्यायचो (आणि एकदा गटारात गेलो होतो, ते आईला अजून ठाऊक नाही). ही झुकतच नाही. हँडल दोन्ही हातांनी ओढून वळवायचं, संध्याकाळी दंड भरून येतात. रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, सोडली की उजवीकडे. डाव्या वळणावर वेग जरा जास्त झाला तर साइडकारचं चाक चक्क हवेत! दोन महिने मी साइडकारमध्ये वाळूची पोती टाकून मोकळ्या मैदानात आरटीओतल्यासारखे आठचे आकडे काढले. मग पोती काढली आणि आईला बसवलं.

साइडकारमध्येही हेल्मेट सक्तीचं. आईचा अंबाडा त्यात मावेना. शेवटी चाळीसेक वर्षांनी तिने वेणी घातली, पाचवारीवर माझं जाकीट चढवलं आणि पायाशी दशम्यांचा डबा घेतला.

टॉर्कीपासून ग्रेट ओशन रोड लागतो. पश्चिमेला निघालं की समुद्र सतत डावीकडे, आणि आईही डावीकडे, म्हणजे पहिल्या रांगेतली खुर्ची. हा २४० किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी खोदला, आपल्या मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. ओढ्यापाशी रस्ता आत शिरतो तिथे डावं वळण येतं. मी ओरडायचो, “आई, डावीकडे रेल!” आणि ती बिचारी रेलायची. तिसऱ्या दिवशी मी ओरडायच्या आधीच रेलायला लागली. मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला घ्यायला जागा केलेल्या आहेत, तिथे थांबून सगळ्यांना जाऊ द्यायचं. जाणारा प्रत्येक जण आईला हात करायचा. मला कोणी नाही.

समुद्रातल्या ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ सुळक्यांबद्दल फार लिहीत नाही, फोटो तू पाहिलेच असशील. सुळके बारा कधीच नव्हते. त्यातलाही एक २००५ मध्ये कोसळला. आई जास्त रमली ती जवळच्या लॉक आर्ड गॉर्जला. १८७८ साली लॉक आर्ड हे जहाज तिथे फुटलं. ५४ माणसांतली दोनच वाचली, टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकल, दोघं साधारण अठरा वर्षांची. त्याने तिला लाटांतून ओढून काढलं, मग कडा चढून मदत आणली. आईचा पहिला प्रश्न, “मग लग्न झालं का त्यांचं?” नाही झालं. ती आयर्लंडला परत गेली. म्हटलं, तेव्हा पेपरवाल्यांचीही तुझ्यासारखीच निराशा झाली होती. तिला हे अजिबात पटलेलं नाही. पोर्ट फेरी येईपर्यंत तोच विषय.

दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा हा नियम मात्र पाळला. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात.

काल इथल्या लाँग बीचवर शहाणपणा केला. घट्ट वाळूवर लोक सरळ गाड्या घालतात, म्हणून मीही घातली. पण उतरायच्या तोंडाशीच भुसभुशीत वाळू. तीन चाकांपैकी जोर फक्त मागच्या एकाला. ते जागेवर फिरत फिरत पार एक्सलपर्यंत रुतलं. आई उतरली, जाकीट झटकलं आणि म्हणाली, “गुहागरला बैलगाडी रुतली की आधी ओझं उतरवायचे.” ओझं म्हणजे ती स्वतः. टायरची हवा कमी केली, तरी हलेना. शेवटी एका मच्छीमाराने त्याच्या गाडीला दोर बांधून ओढलं. पैसे घेईना. आईने दशमी दिली, ती त्याने तिथेच उभ्याने खाल्ली.

रोब आता शेवंड खायला येणाऱ्यांचं गाव आहे. १८५५ मध्ये शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीने जहाजाने येणाऱ्या चिनी माणसांवर डोई १० पौंड पट्टी बसवली. ती चुकवायला हजारो चिनी हद्दीपलीकडे या बंदरात उतरले आणि सोन्याच्या खाणींकडे पायी गेले, बॅलरॅटपर्यंत ४००एक किलोमीटर. बंदराजवळ त्यांचं स्मारक आहे. मी पाटी वाचून दाखवली. आई दोन वाऱ्या केलेली बाई. म्हणाली, “वाटेत जेवायला कोण घालायचं त्यांना?” मला काही सांगता आलं नाही.

परत जाताना समुद्र उजवीकडे येणार आणि आपल्याला नुसती गुरं दिसणार, हे तिच्या रात्रीच लक्षात आलं. सकाळपासून चष्मा लावून नकाशा घेऊन बसलीय. म्हणते, समुद्र राहू दे आता, आतल्या रस्त्याने बॅलरॅटवरून जाऊ, ती माणसं गेली तसे.

उद्या सातला निघतोय.

तुझा,
विन्या