वंडरलाला दरवर्षी कशाला?

संपादक साहेब, सुट्टी लागली की आमच्या बेळगावात घरोघरी एकच भांडण, परत वंडरला काय, ते बेंगळूरजवळचं राईड्सचं अम्युझमेंट पार्क? आम्ही सलग तीन वर्षं गेलो बघा, रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडायची, सकाळी बेंगळूर, मग तिथनं म्हैसूर रोडला बिडदी, म्हणजे एका बाजूनं 500 किलोमीटरच्या वर, आणि तिसऱ्या खेपेला पोरगा म्हणतो ह्यात नवीन काय! त्याचं पण खरंच की, पार्क 2005 पासनं आहे, नवी राईड काय दरवर्षी येत नाही. रांगेतच निम्मा दिवस जातो ते वेगळंच.

माझं मत, तीन वर्षांतनं एकदा जावं. तोवर पोरांची उंची वाढते, आधी उंचीच्या अटीमुळं बाहेर उभं राहिलेलं पोरगं मग रिकॉइल रोलर कोस्टरवर बसतं, आणि ती पुढं जाऊन उलटी मागं येते तेव्हा त्याचं तोंड बघायसारखं असतं. मधल्या वर्षी खोपोलीचं इमॅजिका पार्क करा, नाहीतर पावसात गोकाकचा धबधबा आणि आंबोली, डबा घेऊन. बायकोला मात्र हे पटलेलं नाही, तिला वेव्ह पूल दरवर्षी पाहिजेच.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव